गहू सोडलेलं घर

लोक प्रवासाला निघताना आधी कपडे भरतात, मी आधी जेवण भरते. ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, लाह्यांचा चिवडा आणि माझा स्वतःचा हिंग. हिंगाला लोक हसतात. पण बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि मला बाधायला तेवढंही पुरतं. गहू, मैदा, रवा, पाव, बिस्किट यांच्यात ग्लूटेन नावाचा जो चिकट अंश असतो तो माझ्या आतड्याला सोलून काढतो. या दुखण्याला सीलिअॅक म्हणतात. औषध नाही, फक्त पथ्य आहे, आणि ते जन्माचं आहे. बार्शीतल्या निम्म्या बायकांना मी हे समजावून सांगितलंय आणि त्यांतल्या निम्म्यांनी त्यानंतर विचारलंय, "मग शिऱ्याला काय हरकत आहे, तो तर तुपातला असतो?"

दिवाळी होऊन गेल्यावर मी चिंचवडला जाऊन आले. चिंचवड माझं माहेर. आईवडील बार्शीतच वारले, पण माझा थोरला भाऊ नोकरीसाठी तिकडे राहिला आणि मग माहेर त्याच्यामागून तिकडे गेलं. दादा उन्हाळ्यात गेला. आतड्याचा आजार, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटच्या दिवसांत डॉक्टर म्हणाले, बहिणीला सीलिअॅक आहे तर यांनाही असण्याची शक्यता आहे, आता शोधून उपयोग नाही, पण मुलीला मात्र तपासून घ्या. मी दादाला कितीदा सांगितलं होतं तपासून घे म्हणून. तो पोटावर हात मारून म्हणायचा, "नलू, मी रोज सहा चपात्या रिचवतो, मला काय धाड भरलीय?"

त्याची मुलगी प्रज्ञा. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरीला आहे. अंगानं काडी, डोळ्यांखाली काळं, रक्त कायम कमी. तिच्यासाठीच मी निघाले होते. भाऊ गेला तो गेला, निदान भाची हातची जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं.

चिंचवड

स्टेशनातून बाहेर पडलं की एकीकडे जुनं गावठाण आणि दुसरीकडे मान दुखेपर्यंत वर बघायला लावणाऱ्या इमारती. दर गल्लीत इडलीचं पीठ विकणारा, आणि दर चौकात पाव विकणारा. माझ्यासारखीला हे गाव सोयीचं आहे, कबूल करते. दादाच्या घराखालच्या दुकानात ज्वारीचे पोहे, तांदळाच्या शेवया, नाचणीची बिस्किटं, ज्वारीच्या नूडल्स, सगळं फळीवर मांडलेलं. पाकिटावर गव्हाच्या ओंबीवर काट मारलेलं चित्र. आमच्या बार्शीत ग्लूटेन नसलेलं काही आहे का विचारलं की दुकानदार म्हणतो, "कुठल्या कंपनीचं पाहिजे?"

वहिनींनी दार उघडलं. आम्ही दोघी दारातच रडलो. मग त्यांनी डोळे पुसले आणि मला थेट स्वयंपाकघरात नेलं.

"ताई, ओट्यावरून हात फिरवा. पिठाचा कण सापडायचा नाही."

खरंच नव्हता. जुना तवा गेला होता, पोळपाट गेला होता. कणकेचा मोठा डबा असायचा तिथं तांदळाचा डबा.

"मी येणार म्हणून एवढं?"

"तुमच्यासाठी नाही. आम्ही सोडलाय गहू. मी आणि प्रज्ञानं. जलदान विधीच्या दिवशीच सोडला, त्यांच्या नावानं."

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. माणूस गेलं की त्याच्या आवडीची एक वस्तू मागच्यांनी सोडायची. मामा गेले तेव्हा आईनं पेरू सोडले ते मरेपर्यंत तोंडात घातले नाहीत. धम्मात असलं काही सांगितलेलं नाही, हे वहिनी स्वतःच म्हणाल्या, पण मनाला कोण समजावणार. आणि दादाची आवड म्हणजे चपाती. बिर्याणी पुढ्यात असली तरी हा माणूस विचारायचा, चपाती कुठाय?

"आणि प्रज्ञाची तपासणी?" मी भीतभीतच विचारलं.

"झाली की. माझंच पाऊल दवाखान्याकडे वळत नव्हतं, म्हणून इतके महिने गेले. दिवाळी झाल्यावर करून आणली. काही निघालं नाही, ताई. सगळं नॉर्मल." वहिनींनी माझे दोन्ही हात धरले. "माझी पोर सुटली."

मी तिथंच खाली बसले. इतके दिवस जे ओझं घेऊन फिरत होते ते कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं.

संध्याकाळी प्रज्ञा कंपनीच्या बसनं आली आणि आम्ही तिघी जेवायला बसलो. भरली वांगी, ज्वारीची भाकरी, आमटी, भात. कुणाकडेही जेवायला बसले की मी आधी पोलिसासारखी चौकशी करते. आमटीत हिंग कुठला, भाकरीचं पीठ कुठल्या गिरणीतून, तिथं आधी गहू दळला होता का. यजमानीण कंटाळते, मीही कंटाळते. त्या दिवशी एक अक्षर विचारलं नाही. दादा असताना या घरात माझं ताट वेगळं असायचं. आता सगळ्यांची ताटं माझ्यासारखी झाली होती, आणि ते बघायला तो नव्हता. तरी मी पोटभर जेवले.

चाकण

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाला सुट्टी होती. दादाच्या कंपनीत त्याच्या कपाटातलं सामान तसंच पडून होतं, ते आणायला आम्ही दोघी चाकणला निघालो. मोशीजवळ इंद्रायणी ओलांडली आणि पुढं ट्रकांच्या मागं ट्रक. नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले, लोखंडाची वेटोळी घेतलेले आणि मधूनच कांद्याच्या गोणींचे. चाकणला पोचलं की नाकात आधी कांदा शिरतो आणि मग ऑइल. दादाच्या शर्टालासुद्धा हाच वास असायचा.

फाटकाबाहेर कदमभाऊ उभे होते. दादाच्या शेजारच्या मशीनवरचे, जवळच्याच गावचे. त्यांनी एक पिशवी आधीच भरून ठेवली होती.

"या ताई. तुमाला सांगावं लागलं न्हाई, नाकावरनं वळखलं. दादाचंच नाक हाय."

पिशवीत बूट होते, स्टीलचा पेला होता, कंगवा होता, निळा स्वेटर होता. आणि तळाशी पित्ताच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, मूठभर. मी ती हातात घेऊन बघत राहिले.

"पोट धरूनच काम करायचा ओ," कदमभाऊ म्हणाले. "आमी म्हनायचो, दाखव राव कुनाला तरी. तर म्हनायचा, अॅसिडिटी हाय, हितं कुनाला न्हाई? आन खोटं न्हाई, समद्यांनाच हाय. तीन शिफ्टा, कवाबी जेवन. म्हून कुनी मनावर घेतलं न्हाई. म्याबी न्हाई घेतलं." त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

काही खाल्ल्याशिवाय ते सोडेनात. फाटकासमोरच्या टपरीवर गेलो. मिसळ नको, पाव नको, वडा नको, भजी नको, असं मी म्हणत गेले तसा टपरीवाला कपाळाला आठ्या घालत गेला.

"मावशी, मग खाता तरी काय तुमी?"

"उकडलेली अंडी."

त्यानं अंडी सोलून, चिरून, मीठतिखट लावून आणली. बशीत घसरू नयेत म्हणून खाली दोन पाव अंथरले होते. बिचाऱ्यानं कौतुकानं केलं होतं. कदमभाऊंनी ती बशी स्वतःपुढं ओढली आणि मी दुसरी अंडी मागितली, सालासकट. बऱ्याच दिवसांनी प्रज्ञा खळखळून हसली. हसताना ती हुबेहूब दादासारखी दिसते हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं, आणि मला अंडं खाववेना.

परतताना बस मोशीच्या अलीकडे अडकून पडली. प्रज्ञा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आत्या, एक सांगू? आईला बोलू नकोस."

"बोल."

"गहू सोडल्यापासून मला बरं वाटतंय. पोट फुगत नाही. शिफ्ट संपली तरी पायात जीव असतो. आधी मला वाटायचं सगळ्यांनाच असं होतं." ती पुन्हा खिडकीकडे वळली. "बाबा गेले आणि मला बरं वाटायला लागलं. लाज वाटते गं मला."

मी तिला जवळ ओढलं. लाजायचं काही नाही, असं म्हणाले. पण पथ्य सुरू केल्यावर मला स्वतःला अगदी असंच वाटलं होतं, पायात जीव आल्यासारखं. मग मी स्वतःलाच समजावलं की रिपोर्ट नॉर्मल आहे, पोरीला जरा हलकं वाटलं तर त्यात काय एवढं. पोहोचेपर्यंत हेच समजावत होते.

रविवारचा हॉल

चिंचवडमध्ये गहू न खाणाऱ्यांचा एक गट आहे. फोनवर मी त्यात कधीची आहे, कुठल्या हिंगात पीठ नाही आणि कुठला मसाला चालतो हे मला तिथूनच कळतं. पण माणसं प्रत्यक्ष कधी पाहिली नव्हती. महिन्यातून एकदा एका सोसायटीच्या हॉलमध्ये ती जमतात, आपापल्या घरून काहीतरी करून आणतात. मी प्रज्ञाला आणि वहिनींना घेऊन गेले. वहिनी येताना म्हणाल्या, "आम्हाला तर काही नाही, आम्ही कशाला?" तरी आल्या. मला सोबत म्हणून आल्या.

टेबलावर ज्वारीचा केक, तांदळाच्या पिठाच्या चकल्या, साबुदाणावडे, ढोकळा, नाचणीचे मोदक. कुणीतरी आयते गोठवलेले बिनगव्हाचे पराठे आणले होते, ते तव्यावर टाकायचा अवकाश. आणि मुलं. लहान लहान मुलं त्या टेबलाभोवती धावत होती आणि हाताला येईल ते तोंडात टाकत होती. एकानंही आईकडे वळून विचारलं नाही, हे खाऊ का. बाहेर वाढदिवसाला गेलं की हीच मुलं कोपऱ्यात डबा उघडून बसतात. त्यांच्या आया भिंतीला टेकून नुसत्या बघत होत्या, आणि मलाही कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नाही.

गट चालवणाऱ्या मेघनाताई बँकेत आहेत, त्यांच्या मुलाला हे दुखणं आहे. त्यांनी प्रज्ञाची चौकशी केली. वहिनींनी अभिमानानं सांगितलं, तपासणी केली, काही निघालं नाही.

"वा. रोज काय खाते ही? चपाती, पाव?"

"छे, गहू तर आम्ही कधीच सोडला. हे गेले तेव्हापासून."

मेघनाताईंचा चेहरा बदलला. "म्हणजे रक्त दिलं तेव्हा गहू सोडून महिने झाले होते? दवाखान्यात सांगितलं होतं तुम्ही हे?"

"कुणी विचारलं नाही," वहिनी म्हणाल्या. "का हो?"

मेघनाताईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सावकाश सांगितलं. ही तपासणी म्हणजे गव्हावर शरीर किती चिडलंय ते रक्तात बघायचं. पोटात गहूच नसेल तर शरीर चिडणार कशावर? महिनोन्महिने गहू न खाता रक्त दिलं तर दुखणं असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो.

मलाही हे ठाऊक नव्हतं. माझी तपासणी झाली तेव्हा मी दोन्ही वेळा चपाती खात होते, त्यामुळे प्रश्नच आला नाही. वहिनी हातातल्या चकलीकडे बघत बसल्या. त्यांनी नवऱ्याच्या नावानं गहू सोडला होता आणि लेकीलाही सोडायला लावला होता. त्याच मायेनं लेकीचा रिपोर्ट कोरा केला होता. घरी येताना मी त्यांचा हात धरून चालत होते.

पिंपरी

दुसऱ्या दिवशी पिंपरीतल्या डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं. काही आठवडे रोज गहू खायचा, मग पुन्हा रक्त. त्रास फार झाला तर लगेच त्यांना कळवायचं.

"न खाताच राहिली तर?" मी विचारलं. "तसंही बरं वाटतंय तिला."

"राहू शकते. पण जन्माचं पथ्य अंदाजावर पाळायचं? आज पाळेल, उद्या रिपोर्ट तर नॉर्मल होता म्हणून सोडून देईल. आणि दुखणं दुसरंच काही असेल तर ते आत तसंच राहील. वडिलांचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे."

प्रज्ञानं आमच्या दोघींकडे बघितलं नाही. "मी खाते," ती म्हणाली. "बाबांनी कधी बघितलंच नाही. मला बघायचंय."

घरी आल्यावर वहिनींचा बांध फुटला. "ह्या घरात गहू येणार नाही. त्यांच्या नावानं सोडलाय मी."

"आई, मग मी कँटीनमध्ये खाईन."

"कुठंही खा. ज्यानं ते गेले ते मी माझ्या हातानं तुला घालू? होणार नाही माझ्याच्यानं. ताई, तुम्हीच सांगा हिला."

दोघींचंही मला पटत होतं. माझ्या या प्रवासाचा हेतूच प्रज्ञाला गव्हापासून वाचवणं हा होता, आणि आता तिनं तो रोज खावा असं म्हणायची वेळ माझ्यावर आली होती. त्या क्षणी मला दादाचा इतका राग आला म्हणून सांगू. वेळेवर एक सुई टोचून घेतली असतीस तर ही पाळी कुणावरच आली नसती, असं मी मनातल्या मनात त्याला सुनावलं. भिंतीवरच्या फोटोतला तो आपला हसत होता.

हे लिहितेय तेव्हा रिपोर्ट अजून आलेला नाही. काय येईल ते मला मनातून कळलंय असं वाटतं, पण ते मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही. बार्शीत शेजारणी विचारतात, चिंचवडला काय काय पाहिलंस. मी त्यांना उंच इमारती सांगते, दुकानातल्या ज्वारीच्या नूडल्स सांगते, चाकणचे ट्रक सांगते. शेवटची संध्याकाळ सांगत नाही.

त्या संध्याकाळी मी खाली जाऊन कणीक आणली. शेजारणीकडून परात, पोळपाट, लाटणं आणि तवा मागून घेतला. पीठ नाकातोंडात जाऊ नये म्हणून ओढणी बांधली आणि ओट्यावर कणीक भिजवायला लागले. किती वर्षांनी हात लावत होते. हाताला सगळं आठवत होतं, पाणी किती, तेल कधी. वहिनी बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. प्रज्ञा माझ्यासमोर ताट घेऊन बसली, परीक्षेला बसल्यासारखी ताठ.

पहिली चपाती भाजली तसा तो वास घरभर गेला. दादा गेल्यापासून त्या घरात तो वास आला नव्हता. बाहेरच्या खोलीतून हुंदका ऐकू आला. प्रज्ञानं डोळे मिटून पहिला घास घेतला आणि चावत राहिली.

मी दुसरी लाटायला घेतली. चपाती एका बाजूला फाटली. पुन्हा गोळा केला, पुन्हा फाटली. मला पुढचं दिसेना.

केव्हा आल्या कळलं नाही, वहिनी माझ्याशेजारी उभ्या होत्या. डोळे सुजलेले. त्यांनी माझ्या हातातून लाटणं काढून घेतलं.

"सरका ताई. तुम्हाला पीठ बाधेल."

त्यांनी पदर खोचला, गोळा पिठात बुडवला आणि लाटायला लागल्या. झरझर, गोल, पातळ. ती तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली. उचलून प्रज्ञाच्या ताटात ठेवली. प्रज्ञा खात होती आणि आम्ही दोघी बघत होतो.

"अजून वाढू?" वहिनींनी विचारलं.

"वाढ."

वहिनींनी आणखी एक वाढली आणि मग तोंड फिरवून तव्याकडे बघत उभ्या राहिल्या.